एकतीस वर्षांची नोंद

टोरहोल्म बेटाची वही माझ्याकडे असते. वर्षभरात बेटावर काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, हे तारखेसकट लिहायचं आणि जानेवारीत त्याचं चार पानी पत्रक छापून घरोघर वाटायचं. बेटावर माणसं एकशे बारा, त्यातली निम्मी माझ्या वयाची, त्यामुळे जन्माच्या रकान्याला शाई फारशी लागत नाही. माझ्या आधी आमचे पोस्टमास्तर वही लिहायचे. मी पोस्टात लागले तेव्हा टपालाच्या थैलीबरोबर तीही माझ्या गळ्यात पडली. देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, "घडलं ते लिहायचं. आणि कुणाच्या तोंडाकडे बघून लिहायचं नाही."

हे मी इतकं मनावर घेतलं की सख्ख्या भावाशी बोलचाल बंद झाली.

होल्गर माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. आमच्या फेरीबोटीचा कप्तान. पंचाऐंशीच्या नोव्हेंबरात एका सकाळी धुक्यात त्याच्या हातून बोट उत्तरेच्या उथळावर चढली. चौतीस प्रवासी होते, कुणाला खरचटलंही नाही, पण बोट अकरा दिवस बंद राहिली. मी वहीत चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ होती, 'कारण : कप्तानाचं दुर्लक्ष.' चौकशीच्या कागदात तसंच लिहिलं होतं. मी पदरचं काहीच घातलं नव्हतं.

जानेवारीत पत्रक वाटल्यावर तो माझ्या स्वयंपाकघरात आला. टोपीही काढली नाही. पत्रक टेबलावर ठेवलं, त्या चार ओळींवर बोट टेकवलं आणि म्हणाला, "एवढंच?"

"खोटं काय आहे त्यात?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "ती वही तुझ्याकडे आहे तोवर माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस." आणि गेला. महिनाअखेर त्याने नोकरी सोडली. त्याच्या निवृत्तीची ओळ मी पुढच्या पत्रकात टाकलीच नाही. विसरले असं सगळ्यांना सांगितलं. मी काही विसरत नाही, हे अख्ख्या बेटाला ठाऊक होतं.

सहा वर्षं गेली. एकशे बारा माणसांच्या बेटावर सहा वर्षं एखाद्याला टाळणं हे काय सोपं काम आहे? दुकानात तो असला की मी बाहेर थांबायची. चर्चमध्ये तो डावीकडे बसायचा, मी उजवीकडे. त्याची बायको गेली तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसून आले आणि वहीत तिचं नाव सुरेख अक्षरात लिहिलं. त्याने ते वाचलं की नाही, मला माहीत नाही.

आता ब्याण्णव सालच्या त्या शुक्रवारचं सांगते. सव्वीस जून. त्या वर्षी एकंदरीतच डोकं ठिकाणावर नव्हतं कुणाचं. दोन जूनला देशाने मतदान करून युरोपच्या कराराला नाही म्हणून सांगितलं होतं, आणि त्यावरून दुकानात अजून भांडणं चालू होती. त्यात फुटबॉल. आमचा संघ स्पर्धेत नव्हताच मुळी, दुसऱ्या देशाला बाहेर काढलं म्हणून ऐनवेळी बोलावलं, आणि हे पठ्ठे थेट अंतिम सामन्यात! समोर जर्मनी. खानावळीच्या प्रेबनने मोठा टीव्ही मुख्य भूमीवरून आणवला होता आणि सगळ्यांना बजावलं होतं, सकाळी आठला बेटावरचा एकूणएक झेंडा वर गेला पाहिजे.

मीही चढवला. आमच्याकडे त्यासाठी काही मोठं कारण लागत नाही. वाढदिवस असला, पाहुणा आला, परीक्षेत कुणी पास झालं, की झेंडा वर. कुणी गेलं की अर्ध्यावर. पुरून आलो की पुन्हा टोकाला. मार्चमध्ये उत्तरेच्या शेतावर चार वर्षांत पहिलं पोर जन्मलं, मुलगी, तेव्हा सगळं बेट लाल-पांढरं झालं होतं.

सव्वाआठला कॉफीचा पेला घेऊन मी खिडकीशी आले. खाडीपलीकडे, जमिनीच्या पार टोकाला, होल्गरचं एकटं घर. मधे दोन किलोमीटरचा बांध. घर कुंपणाच्या उंच झाडांत लपलेलं, पण खांबाचा वरचा निम्मा भाग दिसतो. सहा वर्षं रोज सकाळी मी आधी तिकडे बघायची. भाऊ बोलत नसला तरी झेंडा दिसतो ना, एवढंच.

झेंडा अर्ध्यावर होता.

पेला खिडकीत ठेवला, तो कलंडला. वडिलांची जुनी दुर्बीण काढली. नजर चुकलेली नव्हती. झेंडा बरोबर मधोमध, स्थिर. अंगणात कोण आहे ते झाडांमुळे दिसेना.

होल्गर एकटा राहत होता. मग झेंडा अर्ध्यावर कुणी आणला? दर शुक्रवारी सकाळी नर्स डॅग्नी त्याच्या पायाच्या जखमेची पट्टी बदलायला जाते, तिने दार उघडलं असणार. तिला तो सापडला असणार. पलंगावर, की जमिनीवर? मी टेलिफोन फिरवला. त्याचा नंबर सहा वर्षांत एकदाही फिरवला नव्हता, पण बोटांना आठवत होता. वाजत राहिला. वीस वेळा मोजलं. ठेवला, पुन्हा फिरवला. डॅग्नीच्या घरीही कोणी उचलेना.

बांधावरून चालत गेलं तर अर्धा तास. मी कोट घातला, काढला. 'माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस' म्हणाला होता. जिवंत असताना ज्याचं ऐकलं, तो मेल्यावर लगेच त्याचं मोडायचं? आणि तिथे डॅग्नी असेल, पाद्री असेल, ते म्हणतील, आली बघा बहीण, आता आली. मी चुलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून चुलीपर्यंत नुसती फेऱ्या मारत राहिले. सांडलेली कॉफी पुसायचंही सुचलं नाही.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. मी झडप घातली. प्रेबन होता.

"एब्बा, होल्गरचा झेंडा बघितलास? कोण गेलं गं?"

इथे मी चुकले. 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण सख्ख्या बहिणीला भावाच्या घरचं माहीत नाही, हे खानावळवाल्याला कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, "होल्गर. कळलंय मला."

"अरे देवा." प्रेबन म्हणाला. "कधी?"

"सकाळी."

"कसं?"

"झोपेतच." मी म्हटलं. कुठून आलं ते तोंडात, देव जाणे.

"बरं झालं. म्हणजे, तसं बरं नाही... तुला कळतंय ना." तो चाचरला. "एब्बा, एक विचारू? राग नको मानू. आज मॅच दाखवू ना? दोनशे सॉसेज आणलेत गं मी. होल्गर असता तर म्हणाला असता, लाव."

"लाव बाबा," मी म्हटलं आणि टेलिफोन ठेवला.

बाहेर जाऊन मी माझा झेंडा अर्ध्यावर आणला. गाठ दोनदा सुटली. पाच मिनिटांत प्रेबनचा खाली आला. मग दुकानाचा, मग बंदरावरचा, मग बेकरीचा. शेवटी चर्चचा मोठा झेंडा हळूहळू उतरत मधोमध थांबला. मॅचच्या दिवशी सकाळी नऊला सगळं टोरहोल्म अर्ध्यावर. आणि सगळ्यांना खबर एकाच माणसाकडून मिळालेली, माझ्याकडून. वही मी लिहिते, म्हणजे खरंच असणार.

मग टेलिफोनचा सपाटा सुरू झाला. बेकरीवाली रडली. चर्चचा घंटेकरी आक्सेल म्हणाला, "जागा बायकोशेजारी राखलेली आहेच, ती काळजी नको." दुकानदारीणबाईने विचारलं, तुम्ही दोघं शेवटी बोललात ना? मी म्हटलं, हो, बोललो. एकदा खोटं बोलायला लागलं की जीभ कशी सैल होते!

काही सुचेना तेव्हा मी जे मला येतं ते केलं. वही काढली. मृत्यूचा रकाना उघडला. पेन्सिलीने, कारण डॉक्टरांचा कागद येईपर्यंत आम्ही शाई वापरत नाही. 'सव्वीस जून. होल्गर क्रॉग, वय सहासष्ट, फेरीबोटीचा कप्तान.' इथे थांबायचं असतं. पण पेन्सिल थांबेना. मला रोजच्या सकाळी दिसायला लागल्या. पोस्टात होते तितकी वर्षं सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी धक्क्यावर उभी असायची आणि तो बोटीच्या कठड्यावरून वाकून टपालाची थैली माझ्या हातात द्यायचा. "घे गं, प्रेमपत्रं आलीत तुझी," असं रोज म्हणायचा. रोज. मी रोज म्हणायची, "गप रे." ते काही मी वहीत कधी लिहिलं नाही. त्यात लिहिण्यासारखं काय घडलं होतं?

मी लिहिलं. किती लिहिलं ते तेव्हा कळलं नाही. अश्रू कागदावर पडू नयेत म्हणून वही लांब धरून लिहीत होते, म्हणून अक्षर वाकडं आलं.

मग उठले, काळा पोशाख घातला, वही पिशवीत टाकली. अंगणात पाय ठेवू दे नाहीतर न ठेवू दे, मी जाणार होते. आता मला हाकलायला तो थोडाच उठणार होता! दाराला कुलूप लावताना आत टेलिफोन पुन्हा वाजायला लागला. बराच वेळ वाजला. मी म्हटलं, वाज मेल्या, आता कुणाला काही सांगायचं त्राण नाही.

बांधावर वारा होता. दोन्ही बाजूंना पाणी, मधे एक गाडी जाईल एवढा रस्ता. मी भराभर चालत होते आणि मनात त्याच्याशी भांडत होते. सहा वर्षांत एकदा तरी यायचंस. मी मोठी होते म्हणून काय झालं? तूही मोठा घोडाच होतास की.

निम्म्या वाटेवर समोरून कोणीतरी येताना दिसलं. काठी टेकत, लंगडत, काळा सूट. मला वाटलं, पाद्री. मग वाटलं, पाद्री लंगडत नाही. मग माझे पाय जागीच थबकले.

होल्गर होता. चर्चला घालायचा काळा सूट, पांढरा टाय, आणि हातात बागेतली लाल फुलं, घाईघाईने उपटलेली, मुळाची माती तशीच. तोही थबकला. आमच्यात वीस पावलांचं अंतर होतं.

"एब्बा?" तो म्हणाला. "तू... तू मेली नाहीस?"

"मी कशाला मरू?" मी किंचाळले. "तू मेलायस!"

"कोण म्हणालं?"

"तुझा झेंडा!"

"दोर अडकलाय माझा!" तो ओरडला. "सकाळी आठपासून अडकलाय! वरही जाईना, खालीही येईना. शिडी लावली, दाताळ्याने ढोसलं, शिव्या घातल्या. आणि मग बघतो तर तुझा झेंडा खाली आला. पहिला तुझाच. तुझ्या घरात तुझ्याशिवाय आहे कोण मरायला? मग प्रेबनचा आला, मग चर्चचा. आणि मला कुणी फोनसुद्धा करेना. मला वाटलं, सांगायला घाबरतायत. तुला फोन केला, वाजत राहिला..."

फुलं धरलेल्या हाताने त्याने तोंड झाकलं आणि सगळी माती टायवर सांडली. मी गेले आणि त्याला धरलं. माझे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, मला नाही सांगता यायचं, बहुतेक दोन्ही. सहा वर्षांत तो किती वाळला होता! सूटच्या आत माणूस शोधावा लागत होता.

"डॅग्नी कुठे आहे?" मी नाक पुसत विचारलं.

"मुख्य भूमीवर. भावाच्या घरी मॅच बघायला. पट्टी कालच बदलून गेली." मग त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. वहीचा कोपरा बाहेर दिसत होता. त्याचा चेहरा बदलला. "ती घेऊन येत होतीस? माझ्या मयताला?"

"हो."

"लिहिलंसही?"

मी पिशवी मागे घेतली.

"दाखव."

"होल्गर, पेन्सिलीने आहे. खोडून टाकते."

"दाखव म्हणतो ना."

मी वही दिली. बांधाच्या दगडावर तो बसला, काठी बाजूला ठेवली, चष्मा शोधला. मी उभी राहिले. त्या चार ओळींच्या वेळी तो बोट टेकवून उभा होता आणि मी बसले होते. तो ओठ हलवत वाचत होता, वारा असल्याने मोठ्याने :

"एकतीस वर्षं टोरहोल्मची बोट चालवली. दिवसाला चार फेऱ्या. वादळात, बर्फात. बाळंतिणींना नेलं आणि बाळांसकट आणलं. शवपेट्या नेल्या तेव्हा इंजिन हळू चालवलं. मुलांना शाळेत नेलं, गाईंना बाजारात. धुकं असलं की शेवटच्या माणसासाठी धक्क्यावर भोंगा वाजवत थांबला. टपालाची थैली एकदाही भिजू दिली नाही. एकदा बोट उथळावर चढली."

तो शेवटच्या ओळीवर थांबला. परत वर गेला, परत खाली आला. कितीतरी वेळ.

"एकदा," तो म्हणाला.

"एकदाच ना."

"त्या दिवशी तुला विचारलं होतं, एवढंच? आठवतं?"

"मला वाटलं, तुला ते दुर्लक्ष खोडून हवं होतं."

"दुर्लक्षच होतं ते. मी कॉफी ओतत होतो." त्याने चष्मा काढला. "बाकीचं कुठे गेलं, हे विचारत होतो मी. एकतीस वर्षांत तुझ्या वहीत माझं नाव एकदा आलं, एब्बा. एकदा. आणि ते त्या दिवशी."

मला वाटत होतं, मी नियमाने वागले. कुणाच्या तोंडाकडे बघून लिहायचं नाही म्हणत म्हणत मी रोज सकाळी सात दहाला ज्याच्या तोंडाकडे बघत होते, त्यालाच गाळलं. मला माझीच लाज वाटली, आणि ती मी त्याला सांगितली. "चुकले रे मी," म्हटलं. आयुष्यात त्याला हे पहिल्यांदाच म्हटलं असेन.

तो उठला. "आणि हे लिहून घ्यायला मला मरावं लागलं, होय?" तो म्हणाला, पण आता डोळ्यांत जुनी खोडी होती. "चल. खांब आडवा करायला दोन माणसं लागतात. सकाळपासून एकच आहे."

त्याच्या अंगणात मी सहा वर्षांनी पाय ठेवला. खांबाच्या बुडाशी खिट्टी असते, ती काढून खांब हळूहळू कलता करायचा. एकाने बूड धरायचं, एकाने वजन पेलत मागे मागे जायचं. त्याचा पाय आणि माझी पाठ, दोन्ही कामातून गेलेले. तरी झालं. शिव्यांवर झालं. दोराच्या आकड्यात कापडाची कड अडकून बसली होती, मी नखाने सोडवली. खांब पुन्हा उभा केला, आणि त्याने दोर माझ्या हातात दिला. "तूच चढव. मी मेलोय."

झेंडा टोकाला गेला.

आम्हाला दोघांनाही ध्यानात आलं नाही की मधोमध असलेला झेंडा टोकाला गेला, की माणूस पुरून झाला असा त्याचा अर्थ होतो. खाडीपलीकडे चर्चचा झेंडा वर जायला लागला. मग प्रेबनचा. घरात टेलिफोन वाजला. होल्गरने उचलला, मी कान लावून शेजारी उभी.

"एब्बा?" प्रेबन गोंधळून विचारत होता. "अगं, इतक्या लवकर पुरलंत त्याला?"

"हो ना, घाईच केली जरा," होल्गर म्हणाला. "माझ्यासाठी चार सॉसेज बाजूला ठेव."

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

रात्री आम्ही जिंकलो, ते सगळ्या जगाला माहीत आहे. प्रेबनने मला त्या दिवसापासून आजतागायत 'खात्रीशीर बातमीवाली' असं नाव ठेवलंय, तेही रास्तच आहे.

डिसेंबरात पत्रक लावायला बसले तेव्हा होल्गर समोर काळ्या पावावर हेरिंग मासा खात बसला होता. "ते माझं छापायचं," तो म्हणाला.

"तू जिवंत आहेस. मृत्यूच्या रकान्यात कसं छापू?"

"मग घडामोडींत टाक."

"घडामोडीला तारीख लागते."

"लिहिलंस त्या दिवसाचीच घाल की."

म्हणून ब्याण्णव सालच्या आमच्या पत्रकात दोन जूनचं मतदान आहे, शेतावरच्या मुलीचा जन्म आहे, दोन म्हाताऱ्यांचे मृत्यू आहेत, आणि सव्वीस जूनखाली दोन नोंदी आहेत. पहिली, एका माणसाने एकतीस वर्षं बोट चालवली. तिच्याखाली, देशाने युरोपचा चषक जिंकला. कोणती वर, कोणती खाली, ते मीच ठरवलं.

होल्गर त्यानंतर अकरा वर्षं जगला. रोज सकाळी टेलिफोन करून विचारायचा, "प्रेमपत्रं आली का गं?" तो गेला त्या दिवशी मी बांधावरून जाऊन त्याचा झेंडा अर्ध्यावर आणला. या वेळी दोर अडकला नाही. वहीत मृत्यूच्या रकान्यात नाव, वय आणि तारीख लिहिली. बाकीचं त्याने वाचलेलं होतं.